यंत्र आणि विचारशक्ती



शाळेतून मुलाच्या हाती टॅब आला की घरात आनंद होतो. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीपासूनही दूर ठेवण्यात आले, त्यांना तो का होऊ नये? परंतु यंत्र मिळाले म्हणजे विद्या मिळाली काय, हा प्रश्न त्या आनंदाच्या भरात विचारावयाचा राहून जातो.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या सरकारने गोरगरीब मुलांना लाखो छोटे संगणक वाटले. 319 ग्रामीण शाळांत त्याचा परिणाम तपासण्यात आला. सुमारे 15 महिन्यांनंतर, संगणक मिळालेल्या व न मिळालेल्या शाळांतील मुलांत गणित आणि भाषा ह्या विषयांत फरक आढळला नाही. दिल्लीतील अनुभव मात्र निराळा आहे. तेथील अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर मुले केंद्रात येत. 45 मिनिटे संगणकावर व 45 मिनिटे लहान गटात शिक्षकापाशी बसत. संगणक प्रत्येक मुलाला, ते जेथे अडले असेल तेथूनच शिकवी. मग ते इयत्तेने सातवीत का असेना! साडेचार महिन्यांत ह्या मुलांनी, चिठ्ठीत नाव न निघालेल्या मुलांपेक्षा, गणितात व हिंदीत स्पष्ट आघाडी घेतली.

परंतु उदाहरणे सोडविणे निराळे आणि गुंतागुंतीचा प्रश्न सोडविणे निराळे. ज्यात एक धागा ओढला की दहा हलतात, काही गोष्टी दिसतच नाहीत आणि आपण थांबलो तरी परिस्थिती बदलतच राहते, असा प्रश्न पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराने सुटत नाही. जर्मनीतील मानसशास्त्रज्ञ डीट्रिख ड्योर्नर यांनी संगणकात लोहहाउझन नावाचे एक काल्पनिक नगर उभे केले आणि 48 जणांना, एकामागून एक, त्याचे नगराध्यक्ष केले. प्रत्येकाला त्या नगराची 10 वर्षे सांभाळावयाची होती. काहींचे नगर भरभराटीस आले, काहींचे बुडाले. नवल असे की, बुद्धिमापनाच्या कसोटीतील गुणांवरून कोण तरेल हे सांगता येईना. जे यशस्वी झाले ते 'असे का घडते?' असे अधिक वेळा विचारीत, आपला तर्क पडताळून पाहत आणि हाती घेतलेला प्रश्न तडीस नेत. जे फसले ते एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारीत.

2012 साली 44 देश व प्रदेशांतील सुमारे 85,000 पंधरा वर्षांच्या मुलांची अशीच परीक्षा संगणकावर घेण्यात आली. एका प्रश्नात हवा थंड करणारे एक अनोळखी यंत्र होते. माहितीपत्रक नाही, खुंट्या मात्र तीन. कोणत्या खुंटीने उष्णता बदलते, कोणत्या खुंटीने दमटपणा, हे मुलाने स्वतः शोधावयाचे. तिन्ही खुंट्या एकदम फिरविणाऱ्याला काहीच कळत नाही. एकच हलवून बाकीच्या स्थिर ठेवणाऱ्याला कळते. कागदावर ही परीक्षा घेताच आली नसती, आणि यंत्राचा खरा उपयोग मला येथे दिसतो. तेच पुस्तक पडद्यावर दाखविण्यासाठी एवढा खर्च कशाला?

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. माता-भगिनींनी त्या सभेस जावे. टॅब किती आले, हे मुख्याध्यापक आपण होऊन सांगतील. मूल त्यावर नुसते पाहते की स्वतः काही करून पाहते, आणि ते चुकले तर त्याची चूक कोण पाहतो, हे तुम्हांला विचारावे लागेल.