मोकळा पैसा शेअरमध्ये केव्हा घालावा?



दिवाळी ते संक्रांत या दिवसांत सोयाबीन, कापूस विकून हातात चार पैसे येतात. अशा वेळी एखादा पाहुणा हमखास सांगतो, "बँकेत ठेवून काय मिळणार? लाभांश देणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्या, घरबसल्या उत्पन्न सुरू." सल्ला वाईट नाही. पण त्याची वेळ बाजाराकडे बघून ठरवू नका, आपल्या कणगीकडे बघून ठरवा.

समजा, माल विकून एक लाख वीस हजार आले. हा सगळा पैसा मोकळा नव्हे. आधी पीककर्जाचा भरणा करा. मुदतीत फेड केली की व्याजात सवलत मिळते. ती घालवून शेअर घेणं म्हणजे बियाण्याचं धान्य दळायला काढणं. मग येत्या खरिपाचं बी-खत, मजुरी, वर्षाचा घरखर्च, आणि पाऊस हुकला तर दुबार पेरणीची तजवीज. हे सारं काढून जे उरेल, आणि पाच-सात वर्षं ज्याला हात लावावा लागणार नाही, तेवढाच पैसा मोकळा. कदाचित दहा हजार उरतील, कदाचित काहीच नाही. नाही उरले तर त्या साली हा विषय सोडून द्यावा, त्यात कमीपणा नाही.

एवढी काळजी कशासाठी? २०२० च्या जानेवारीत मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. वर्षअखेर तो ४७ हजारांवर गेला हे खरं, पण जानेवारीत शेअर घेऊन मे महिन्यात बियाण्यासाठी विकावे लागले, त्याला त्याचा काय उपयोग? त्याच एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना लाभांश वाटायलाही मनाई केली होती. लाभांश म्हणजे व्याज नव्हे. नफा झाला आणि कंपनीनं ठरवलं, तरच तो मिळतो.

आता टक्क्यांचा घोळ बघा. गावच्या सोसायटीचा शंभराचा शेअर आपण शंभरालाच घेतो. दहा टक्के लाभांश म्हणजे दहा रुपये, हिशेब सरळ. कंपनीचा शेअर मात्र दर्शनी एक रुपयाचा आणि बाजारात चारशेचा असू शकतो. तिनं ३०० टक्के लाभांश जाहीर केला की ऐकणारा हरखतो. हाती येतात तीन रुपये, तेही चारशे गुंतवून! म्हणजे शेकडा पाऊण रुपया. तेव्हा टक्के विचारू नका, शेअरमागे रुपये किती आणि आजचा भाव काय, ते विचारा.

लाभांशाची तारीख जवळ आली म्हणून धावत जाऊन शेअर घेण्यातही अर्थ नाही. दहा रुपये लाभांश असेल तर त्या तारखेला भाव साधारण तेवढाच उतरतो. शिवाय कर आहे. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, लाभांश नाही. १ एप्रिल २०२० पासून तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. ट्रॅक्टर, खत, कीटकनाशकाच्या कंपन्यांची नावं आपल्या ओळखीची, म्हणून आपण त्यांचेच शेअर घेतो. पण दुष्काळ पडला की शेतकरी ट्रॅक्टर घेत नाही, फवारणी कमी करतो. म्हणजे शेत पिकलं नाही त्याच साली लाभांशही आटण्याची भीती. निदान निम्मे पैसे तरी पावसावर न चालणाऱ्या धंद्यांत असू द्या.

अमळनेरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९४५ साली तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढं विप्रो झाली, आणि शेअर धरून ठेवणारी कित्येक घरं श्रीमंत झाली. गोष्ट खरी आहे. फक्त बुडालेल्या कंपन्यांच्या गोष्टी पारावर कुणी सांगत नाही, एवढं लक्षात असू द्या.

घ्यायचेच तर एका हंगामात सगळे घेऊ नका. तीन-चार सुग्यांत थोडे थोडे घ्या. मार्चअखेर हिशेब करणाऱ्या कंपन्यांचा वर्षाचा अंतिम लाभांश सभा झाल्यावर, बहुधा जुलै ते सप्टेंबरात येतो. पेरणीला तो सापडायचा नाही, खुरपणी-फवारणीला सापडेल. खात्याला वारस लावा आणि बँकेचं पासबुक दर पोळ्याला भरून घ्या. सात वर्षं न उचललेला लाभांश सरकारी निधीत जातो, आणि मग तो सोडवायला खेटे घालावे लागतात.