कर्ज बाईच्या नावावर, कारखाना कोणाचा?

(पेण येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, बँक म्हटले की पेणच्या बाईला 2010 साल आठवते. पेण अर्बनमध्ये अडकलेल्या ठेवी आठवतात. नाबार्डचे काम वेगळे. 1982 साली निघालेली ही बँक तुम्हा-आम्हाला थेट कर्ज देत नाही. कर्ज देणाऱ्या बँकांना ती पैसा पुरवते, त्याला पुनर्वित्त म्हणतात.

1992 मध्ये तिने 500 बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्यात तारण नव्हते. सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर; बाईने गहाण ठेवायचे काय? गटाची बचत, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेली वही, हीच तिची पत ठरली.

पण आपल्या हमरापूर-जोह्याकडे पाहा. गणपतीची माती, रंग आधी घ्यायचे, पैसा यायचा सणाला. मधले महिने उधारीचे. मूर्ती घासायला, रंगवायला बायका असतात. गटातून कर्ज काढते बाई, ते जाते घरच्या कारखान्यात, आणि हप्ता चुकला की गटात मान खाली तिचीच!

म्हणून ठराव लिहिताना विचारा: माल कोणाच्या नावाने येणार? विक्रीचा पैसा कोणाच्या हातात पडणार? उत्तर वहीत लिहून घ्या. सही त्यानंतर.