आकडा वर गेला, खाली कधी येणार?

सभागृहाच्या मागच्या रांगांत बसलेल्या आरोग्य स्वयंसेविका भगिनींनो,

पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत आणि तुम्ही मागे दाटीवाटीने बसला आहात. आपल्या आरोग्यव्यवस्थेत तुमची जागा कुठे धरली जाते, ते यावरून दिसतं. कृपा करून पुढे या. आजचा विषय डॅशबोर्डचा आहे आणि त्यावरचा प्रत्येक आकडा पहिल्यांदा तुमच्याच हातून लिहिला जातो.

मुंबईने डॅशबोर्ड हा शब्द घरोघरी ऐकला तो २०२० मध्ये, कोविडच्या साथीत. रोज संध्याकाळी विभागवार रुग्ण, सील इमारती, रुग्णदुपटीचा कालावधी असा सगळा तक्ता मोबाइलवर यायचा आणि ‘के पूर्व’ विभाग वर गेला की ‘आर मध्य’, यावर सोसायट्यांच्या ग्रुपवर क्रिकेटच्या धावफलकासारखी चर्चा रंगायची. पण शहराचं काम त्या तक्त्याने झालं नाही. काम झालं ते त्या जूनमध्ये चोवीसही विभागांत वॉर रूम उघडल्यामुळे. त्याआधी सारा भार मध्यवर्ती नियंत्रण कक्षावर होता. मुलुंडच्या रुग्णाला खाट हवी असली तरी चौकशी शहराच्या दुसऱ्या टोकाला. वॉर रूम आल्यावर चाचणीचे अहवाल विभागात येऊ लागले. फोन करणारा त्याच विभागातला, घरी जाणारं पथक त्याच विभागातलं, खाट मिळाली का हे विचारायचं तेही तिथेच. आकड्याला पत्ता मिळाला आणि त्या पत्त्यावर जाणारा माणूस मिळाला. २२ जून २०२० ला ‘मिशन झिरो’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पन्नास फिरते दवाखाने मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर याच भागांकडे निघाले, कारण वाढ तिकडे सरकल्याचं विभागवार आकड्यांत दिसत होतं. सगळ्या मुंबईचा एकच आकडा असता, तर ते दिसलं नसतं.

त्याच काळाने पडद्यावर किती विश्वास ठेवायचा हेही शिकवलं. १६ जून २०२० ला मुंबईच्या मृत्यूंच्या आलेखात एक सुळका दिसतो. त्या दिवशी तेवढी माणसं दगावली नव्हती. आधीच्या दिवसांतले, नोंदीतून सुटलेले ८६२ मृत्यू ताळमेळ लावून त्या दिवशी बेरजेत घेतले गेले. आजही कोणी तो आलेख टीप न वाचता पाहिला, तर एक भयंकर दिवस शोधून काढेल. आणि जुलैमध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या तीन विभागांत ६,९३६ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा झोपडवस्त्यांमध्ये सुमारे ५७ टक्के आणि इमारतींमध्ये सुमारे १६ टक्के लोकांच्या शरीरात प्रतिपिंडं सापडली. रोजचा तक्ता ज्यांना मोजत होता, त्यांच्या कितीतरी पट लोक आजार अंगावर काढून कामाला लागले होते. तक्ता खोटं बोलत नव्हता. चाचणी झालेल्यांबद्दल तो बोलत होता, एवढंच.

साथ ओसरली, वॉर रूमची टेबलं उचलली गेली आणि आपण पुन्हा जुन्या वळणावर आलो. आकडा वर, मुख्यालयाकडे जातो. खाली, गल्लीत परत येत नाही.

डेंग्यूचं बघा. घाटकोपरच्या भटवाडीत राहणारा मुलगा अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. ताप आला, खासगी लॅबमध्ये तपासणी झाली, राजावाडी रुग्णालयात दाखल झाला. फॉर्मवर पत्ता घाटकोपरचा, म्हणून फवारणीची गाडी भटवाडीत. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि दिवसा हा मुलगा अंधेरीत असतो. फॉर्मवर कामाच्या जागेचा रकाना नसेल, तर लाखो रुपयांचा रंगीत नकाशा चुकीच्या वस्तीवर लाल ठिपका दाखवणार. दुसरी गोष्ट वेळेची. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. चावल्यापासून ताप चढेपर्यंत आणखी काही दिवस जातात. साप्ताहिक अहवाल वर जाऊन, एकत्र होऊन, सादरीकरणात बसून परत विभागात पोहोचेपर्यंत पिंपातल्या अळ्यांची पुढची पिढी उडालेली असते. कीटकनाशक विभागाच्या माणसाला सुंदर आलेख नको आहे. त्याला आज सकाळी कुठल्या गल्लीतल्या टाकीला शिडी लावायची, ते हवं आहे.

मोठ्या सर्वेक्षणांचीही हीच अडचण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबई उपनगर जिल्ह्यासाठी लसीकरणाचा एक आकडा देतं. वांद्रे ते दहिसर आणि कुर्ला ते मुलुंड, २०११ च्या जनगणनेप्रमाणे ९३ लाखांहून जास्त लोकांचा हा जिल्हा. त्या एका आकड्यात सुखवस्तू लोखंडवालाही आहे आणि गोवंडीच्या झोपडवस्त्याही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हा लस न मिळालेली मुलं शोधायला पुन्हा दारोदारच जावं लागलं. सरासरीला दार नसतं.

मग कोणी नीट केलंय का? केलंय, आणि डॅशबोर्डशिवाय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजायचा असं ठरवलं. गावातलीच शिकवून तयार केलेली बाई नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास लिहायची आणि उपचारही तीच करायची. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ मध्ये ते छापलं. लिहिणारा हात आणि औषध देणारा हात एकच होता. माझ्या मते सगळं मर्म तिथे आहे.

आपल्याकडे काय चालतं? आरोग्य स्वयंसेविका गल्लीतून फिरते. तेच नाव आधी वहीत, मग ॲपमध्ये, मग सुपरवायझरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो. नेट नसेल तर ॲप घरी जाऊन रात्री भरायचं. तिच्या वस्तीतल्या क्षयाच्या किती रुग्णांचा औषधांचा डोस चुकला, हे तिला त्या पडद्यावर दिसत नाही, कारण तिच्या लॉगिनला फक्त भरण्याची परवानगी असते. गणपतीला कोकणात गेलेला रुग्ण परतला की नाही, हे तिला शेजारणीकडून कळतं, आणि शेजारीण अजून तरी कुठल्या यंत्रणेला जोडलेली नाही! आणि ज्याच्यावर फक्त टक्केवारीचा दबाव आहे, तो टक्केवारीच सुधारतो. महिनाअखेरीस सगळे रकाने हिरवे होतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हिरवं न दाखवणाऱ्याला झापायचं, अशी आढावा बैठकीची रीत आहे तोवर ते होतच राहणार. एखाद्या विभागाने डेंग्यू जास्त दाखवला, तर तिथे तपासण्या जास्त झाल्या का, हे आधी विचारा. नोटीस नंतर काढा.

एक सावधगिरी मात्र हवी. गल्लीपर्यंतची माहिती गल्लीत काम करणाऱ्याला द्या, चव्हाट्यावर नको. सील इमारतीतल्या लोकांना दूधवाल्यापासून घरकामाच्या मावशीपर्यंत सगळ्यांनी कसं टाळलं, ते आपण पाहिलं आहे. क्षयरोगाच्या बाबतीत तर मुलीचं लग्न मोडतं. जनतेसाठी विभागापर्यंतचा आकडा पुरे.

तेव्हा संयोजकांकडे माझं मागणं थोडकं आहे. नवा रकाना घालायचा असेल, तर आधी जुने दोन काढा. स्वयंसेविकेच्या फोनवर तिच्या वस्तीचं पान उघडू द्या आणि त्यात ‘आज कोणाकडे जायचं’ ही यादी सगळ्यात वर ठेवा. दुपारच्या सत्रात सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींचं सादरीकरण आधी आणि मग प्रश्नोत्तरं असा क्रम छापलाय. तो मी अध्यक्षाच्या अधिकारात बदलतो. आधी मुलुंड, घाटकोपर, बोरिवली आणि अंधेरीच्या स्वयंसेविका आपापल्या वह्या उघडून दाखवतील. सादरीकरण चहानंतर.