व्यवस्थापन-विद्यालयाची निवड

(पाचोड येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस जो विषय नेमून दिला आहे, तो चाळीस वर्षांपूर्वी ह्या मांडवात कोणी काढला असता तर ऐकणाऱ्यांस नवल वाटले असते. त्या काळी मुलगा बी. ए. होऊन पुढे बी. एड. झाला आणि कोठे तरी शिक्षक म्हणून चिकटला की आईबाप कृतार्थ होत. आज मात्र गावात येताजाता पालक आम्हांस थांबवून विचारतात, ‘पोरगा एम. बी. ए. करावयाचे म्हणतो, त्याला घालावा तरी कोठे?’ हा प्रश्न साधा नाही. घरातील मोसंबीची बाग, तिच्यावरील कर्ज आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण ही सारी त्या एका उत्तराशी बांधलेली असतात.

प्रथम ह्या विद्येच्या घराण्याविषयी थोडे सांगतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने 1908 साली हे शिक्षण सुरू केले. आपल्या देशात कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे ज्यांस सर्वजण आयआयएम म्हणतात, त्या 1961 साली निघाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 ची. नागपूरची आयआयएम 2015 साली आली आणि पवई येथील 1963 पासूनची नीटी ही संस्था 2023 साली आयआयएम मुंबई झाली. आपल्या मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले तेच मुळी 23 ऑगस्ट 1958 रोजी; आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ ह्या नावाने ओळखले जाते व तेथेही हा विषय शिकविला जातो.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या आयआयएमचे नाव ऐकून आपण मान डोलावितो, त्या संस्था 2017 चा कायदा होईपर्यंत एम. बी. ए. ही पदवी देतच नसत. त्या पदविका देत. उलट ज्यांच्या पाटीवर ठळक अक्षरांत एम. बी. ए. लिहिलेले आहे अशी विद्यालये जागोजाग आहेत. तेव्हा केवळ शब्दावरून निवड करू नये. आपल्या पाचोडचेच पाहा. इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ह्या संस्थेने गावोगावी स्त्रिया व किशोरवयीन मुली ह्यांच्या आरोग्याचे मोठे कार्य केले आहे; परंतु नावात ‘मॅनेजमेंट’ आहे म्हणून तेथे एम. बी. ए.चा अर्ज घेऊन जाणारा विद्यार्थी हात हलवीतच परत येईल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या मोसंबीच्या बाजारात जाणता व्यापारी ढिगाच्या वरची चार फळे पाहून बोली करीत नाही. तो हात आत घालतो, मधले फळ काढतो, दाबून पाहतो, प्रसंगी कापून पाहतो. विद्यालयांची माहितीपत्रके म्हणजे ढिगाची वरची रास होय. तेथे कोणा एका विद्यार्थ्याचे छायाचित्र असते आणि खाली लिहिलेले असते, ‘वार्षिक 30 लाखांचे पॅकेज’. आमचे म्हणणे एवढेच की पालकांनी मधले फळ मागावे.

हे मधले फळ कसे मागावयाचे ते हिशेबाने सांगतो. समजा, एका वर्गातील दहाजणांस नोकरी लागली. नऊ जणांस वार्षिक 3 लाख आणि एकास 30 लाख. एकूण झाले 57 लाख, म्हणून सरासरी 5 लाख 70 हजार. ही सरासरी छापली तर तिच्यात खोटे काही नाही. परंतु तेवढा पगार त्या वर्गात एकालाही मिळालेला नाही! दहाही जणांस पगाराच्या क्रमाने उभे केले तर मधल्या मुलाच्या हाती 3 लाखच असतात. ह्या मधल्या आकड्यास इंग्रजीत मीडियन म्हणतात व केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना तो द्यावा लागतो. ही क्रमवारी 2016 पासून निघते. संस्थेचा क्रमांक काय आला ह्यापेक्षा त्या पानांतील मीडियन पगार आणि किती विद्यार्थ्यांपैकी कितीजणांस नोकरी लागली हे दोन आकडे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. शिवाय ‘पॅकेज’ म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. त्यात मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कामगिरी झाली तरच मिळणारी रक्कम हीही धरलेली असतात.

ह्याच्या शेजारी कर्ज मांडून पाहा. 8 लाखांचे कर्ज, दरसाल 10 टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे 13,300 रुपये येतो. शिकत असतानाचे व्याज मुद्दलात मिळविले तर त्याहूनही अधिक. वार्षिक 3 लाख म्हणजे कपाती जाण्यापूर्वी महिना 25 हजार. पुण्यात खोलीचे भाडे देऊन, जेवून-खाऊन हा मुलगा हप्ता कोठून भरणार? अखेर तो हप्ता पाचोडच्या बागेतूनच जातो. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या भागातील ज्यांच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या, त्यांस मोसंबीचे झाड पुन्हा फळास आणण्यास किती वर्षे लागतात हे आम्ही सांगावयास नको.

आयआयएमचे शुल्क पाहून मात्र घाबरून जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांचा खर्च 20 लाखांच्या वर जातो. तरीही तेथील विद्यार्थ्यास बँका तारणावाचून कर्ज देतात, आणि दुसऱ्या एखाद्या विद्यालयाच्या निम्म्या शुल्कासाठी त्याच बँका शेत गहाण मागतात. असे का? बँकेस आपला पैसा परत हवा असतो, म्हणून कोठला विद्यार्थी तो फेडू शकेल ह्याचा विचार तिने आपल्या आधीच केलेला असतो. स्टेट बँकेच्या स्कॉलर लोन योजनेत अशा निवडक संस्थांची यादी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतही, निवडलेल्या संस्थांतील विद्यार्थ्यांस तारण व जामीनदार ह्यांवाचून कर्ज मिळण्याची सोय आहे. आपण पाहत असलेले विद्यालय ह्या याद्यांत आहे काय, एवढे बँकेत जाऊन विचारण्यास एक दिवस लागतो आणि काही खर्च येत नाही.

सर्वांनाच आयआयएम मिळणार नाही, हे उघड आहे. कॅटच्या परीक्षेस देशभरातून लक्षावधी मुले बसतात. आपल्या बहुसंख्य मुलांचा मार्ग राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून जातो. 2025 च्या परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न होते व चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नव्हते. प्रश्न इंग्रजीत असतात, म्हणून मराठी माध्यमातील मुलांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच वाचनाची सवय लावावी. बुद्धीत आपली मुले कमी पडत नाहीत. वेगात कमी पडतात, आणि वेग सरावाने येतो.

परीक्षेनंतर शासनाची केंद्रीय प्रवेशफेरी होते. तिला कॅप म्हणतात. ह्याच ठिकाणी आपल्या समाजातील एका कुटुंबाची फसगत झालेली आम्ही पाहिली. मुलास बऱ्यापैकी गुण होते. एका शहरातील विद्यालयाच्या माणसाने फोन करून सांगितले की जागा थोड्याच उरल्या आहेत, आजच पैसे भरा. वडिलांनी फेरीची वाट न पाहता संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला. पुढे शुल्कसवलतीचा अर्ज करावयास गेले तेव्हा कळले की ही सवलत कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांसाठीच असते. संस्थेचे नाव घेण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही. असे फोन अनेक ठिकाणांहून येतात. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबातील मुलास राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून शिकवणी शुल्काचा निम्मा भाग मिळू शकतो. तो त्या एका फोनने गेला.

माताभगिनींनी आता विशेष लक्ष द्यावे. जुलै 2024 च्या शासननिर्णयाने ओबीसी, एसईबीसी व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. अट तीच, प्रवेश कॅपमधून हवा. आणि खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे ह्यांस ही सवलत लागू नाही. म्हणजे ज्या शिक्षणासाठी भावाकरिता बाग गहाण पडते, ते बहिणीस जवळजवळ वसतिगृहाच्या खर्चात मिळू शकते. तरीही ‘मुलीला एवढे शिकवून काय करावयाचे’ हे वाक्य ह्या वर्षीही आमच्या कानी आले. ज्यांनी ते उच्चारले ते गृहस्थ पुढच्याच रांगेत बसले आहेत, म्हणून अधिक बोलत नाही.

दूरचे तेच चांगले ही समजूतही सोडली पाहिजे. पुण्यामुंबईत कंपन्या पुष्कळ आहेत हे खरे. परंतु तेथील सामान्य विद्यालयात शिकून मिळणारी नोकरी वाळूज येथेही मिळते. बजाजचा कारखाना वाळूजला 1985 पासून आहे, शेंद्रा येथे वसाहत उभी आहे आणि बिडकीन तर आपल्याच पैठण तालुक्यातले. पदवीनंतर दोन वर्षे अशा ठिकाणी हिशेबाचे वा भांडाराचे काम करून मग परीक्षा द्यावी, असे आम्ही कित्येकांस सुचवितो. मुलाखतीत अनुभवाचे मोल होते, आणि आपल्याला माणसे सांभाळावयाची आहेत की आकडे, हे मुलास स्वतःस उमगते.

कृषी पदवीधरांसाठी आणखी एक वाट आहे. तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. हैदराबादची मॅनेज ही केंद्र सरकारची संस्था कॅटच्या गुणांवर कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाची पदविका देते. पुण्यास वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. कुरियन ह्यांनी आणंद येथे 1979 साली काढलेली इर्मा 2025 च्या कायद्याने त्रिभुवन सहकारी विद्यापीठात समाविष्ट झाली. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण आपला माल आजही बव्हंशी फळ म्हणूनच ट्रकने परराज्यांत जातो आणि भाव तिकडे ठरतो. प्रतवारी, शीतगृह, रसप्रक्रिया ह्यांचा हिशेब मांडू शकणारी दोन-चार माणसे ह्या परिसरास हवी आहेत, आणि ती आपल्या घरांतून निघू नयेत असे काही नाही.

कागदपत्रांविषयी शेवटचे दोन शब्द. उत्पन्नाचा दाखला आणि ज्यांस लागू असेल त्यांनी जातवैधता व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र पैठणच्या तहसिलात वा संबंधित कार्यालयात उन्हाळ्यापूर्वीच अर्ज करून काढून ठेवावे. निकालानंतर तेथे पाय ठेवावयास जागा नसते. नॉन-क्रीमीलेअरची मुदत प्रवेशवर्षाच्या 31 मार्चपर्यंत आहे ना, हेही पाहून घ्यावे. मंडळाने तीन जाणत्या सभासदांची समिती नेमली असून कॅपच्या फेऱ्या चालू असतील तोवर ती दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात बसेल. पालकांनी माहितीपत्रक, शुल्काचा कागद आणि मुलास वा मुलीस बरोबर घेऊन यावे. पैसे मात्र त्या भेटीनंतर भरावेत.