जुना वस्तरा आणि धारेचा दगड



आजचा विषय ऐकून कोणी मनात हसले असेल, तर त्याचा मला राग नाही. दाढीचे सुटे पाते थोड्या पैशांत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तरीही जुन्या बाजारात उकिडवे बसून गंजलेले वस्तरे चाळणारी, तेलाने काळे पडलेले दगड अंगठ्याने घासून पाहणारी माणसे जगभर आहेत. त्यांना छांदिष्ट म्हणून सोडून देऊ नये. त्यांच्या हाती जे लागते, तो कामगारांच्या इतिहासाचा एक दस्तऐवज आहे. फक्त तो वाचता आला पाहिजे.

प्रथम वस्तरा. जुन्या वस्तऱ्यांची दोन मोठी गावे म्हणजे इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन. शेफील्डचा जुना वस्तरा जड, पाचरीसारखा असतो. झोलिंगेनने दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेले, हलके पाते लोकप्रिय केले. पात्याच्या देठावर शिक्का असतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानुसार परदेशी मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. म्हणून शिक्क्यात ‘इंग्लंड’ असेल, तर तो वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा, असा जाणकारांचा अंदाज असतो. पाठीवरचा गंज निघतो, पण धारेपर्यंत पोचलेला खड्डा किंवा बारीक तडा असेल, तर वस्तरा कितीही देखणा असो, तो खाली ठेवावा. मूठ सेल्युलॉइडची असेल तर जपून; ते कुजू लागले की त्यातून निघणारा वायूच पोलादाला खातो.

आता दगड. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात; म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो. दगडावर धार पुढे ठेवून वस्तरा चालवायचा, चामडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. या कामासाठी नावाजलेला दगड बेल्जियमच्या आर्देन डोंगरात, व्हिएलसाल्मच्या आसपास मिळतो. त्याचे नाव कोतिक्यूल. रंग पिवळसर, आणि पोटात डोळ्यांना न दिसणारे गार्नेटचे कण. हेच कण पोलाद कापतात. पिवळा थर पातळ असतो, म्हणून त्याला खाली दुसऱ्या दगडाचा आधार चिकटवतात. बाजारात असा काळा, तेलकट तुकडा दिसला, तर ओल्या फडक्याने त्याची कड पुसावी. दोन रंगांची रेघ उमटली की शोधणाऱ्याची छाती धडधडू लागते.

पण श्रोतेहो, त्या देठावरचा शिक्का कोणाचा? मालकाचा. पाते साणेवर धरणाऱ्या माणसाचे नाव तिथे सहसा नसते. शेफील्डचा साणकामगार वाळूच्या दगडाच्या फिरत्या चाकावर ओणवा होऊन काम करी. काटे कोरड्या चाकावर घासले जात. वस्तऱ्याचे काही काम ओले, काही कोरडे. दगडाची आणि पोलादाची धूळ थेट फुप्फुसात जाई. एंगेल्सने १८४५ मध्ये लिहून ठेवले की कोरड्या चाकावरच्या कामगाराचे आयुष्य सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे. धूळ ओढून घेणारे पंखे तेव्हा माहीत होते. पण काही कामगारांनीच त्यांना विरोध केला, असेही तो नोंदवतो. का? माणसे जास्त जगली तर हात वाढतील आणि मजुरी घसरेल, ही धास्ती! ज्या व्यवस्थेत सोबत्याच्या मरणावर आपली भाकरी अवलंबून असते, तिच्याविषयी आणखी काय सांगायचे?

त्याच गावात संघटनाही उभ्या राहिल्या, आणि त्यांचे हातही स्वच्छ राहिले नाहीत. वर्गणी न देणाऱ्याच्या चाकाचा पट्टा रातोरात नाहीसा होई. १८६६ मध्ये एका करवत-साणकामगाराच्या घरात स्फोट घडवला गेला. १८६७ च्या चौकशीत करवत-साणकामगार संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने अशा कृत्यांमागचा आपला हात कबूल केला. मी स्वतः युनियनचे काम करणारा आहे, म्हणूनच हे झाकून ठेवत नाही. जिथे संघटनेला कायद्याचे छत्र नसते, तिथे तिचे काम अंधारात चालते, आणि अंधारात माणूस सोबत्याच्याच घराला सुरुंग लावतो. इंग्लंडात ते छत्र १८७१ च्या कायद्याने आले. आपल्याकडे १९२६ मध्ये.

वस्तऱ्याची आपल्या मातीतलीही एक गोष्ट आहे. मुंबईत गिरणी कामगारांच्या चळवळीचा पाया घालणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये नाभिक बांधवांची सभा भरली. विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा हाती धरायचा नाही, असा तिथे निर्धार झाला. पोट ज्या हत्यारावर चालते तेच हत्यार खाली ठेवायचे, आणि तेही स्वतःच्या मजुरीसाठी नाही, दुसऱ्याच्या अब्रूसाठी! संपाचा याहून उजळ अर्थ मला ठाऊक नाही.

सिलिकोसिस अजून संपलेला नाही. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कामगारांना आणि खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांना त्याने गाठले. शेफील्डचीच ही धूळ. तेव्हा जुना वस्तरा अवश्य शोधा. तो दगडावर फिरवा, पट्ट्यावर ओढा, त्याची धार अंगठ्याच्या नखावर पाहा. दगड मात्र ओला ठेवा. ही रीत धारेसाठी आहे, पण कारखान्यात हीच ओल माणसाचा श्वास राखते. आणि शिक्क्यावरचे नाव वाचून झाले, की तिथे ज्याचे नाव नाही त्याचीही क्षणभर आठवण करा.