भीड घरी ठेवून प्रवासाला निघा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



परीक्षा संपल्या, आंबा बाजारात आला आणि तुमच्यापैकी निम्म्या घरांत कोकणचा किंवा मामाच्या गावाचा बेत शिजतो आहे. अशा वेळी ‘कुटुंबासह सुरक्षित प्रवास’ हा विषय ऐकायला एवढी मंडळी आली, याचं मला कौतुक वाटतं. कारण हा विषय निघाला की आपल्याकडे आधी कोणीतरी म्हणतं, “निघताना अभद्र बोलू नकोस.” आज ते अभद्र बोलण्याचं काम आयोजकांनी माझ्यावर सोपवलंय.

माझी नोकरीची वर्षं चालकांना शिकवण्यात गेली. त्यामुळे अपघात झाल्यावरची चौकशी मी बरीच ऐकली. ब्रेक, टायर, रस्ता हे सगळं त्यात येतंच. पण प्रवाशांशी बोलायला बसलं की एक वाक्य हमखास निघतं : “वाटत होतं, पण बोललो नाही.” गाडी जोरात चालली होती, चालक पेंगत होता, पाणी वाढत होतं. दिसत सगळ्यांना होतं, बोललं कोणी नाही. का? तर भावोजी चालवत होते. यजमानांना वाईट वाटलं असतं. सगळ्यांच्या आनंदावर विरजण पडलं असतं. आपल्याकडे म्हणतात, भीड ही भिकेची बहीण. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की, कौटुंबिक सहलीत ही भीड भिकेवर थांबत नाही, जिवावर बेतते. म्हणून प्रवासाची पहिली तयारी बॅग भरणं ही नाही. कोणी, कधी आणि कोणाला ‘नाही’ म्हणायचं, हे घर सोडण्याआधी ठरवणं ही आहे.

सुरुवात रस्त्यापासून करू. सुट्टी मोजकी, म्हणून ‘रात्रीचं निघू, सकाळी पोचू, दिवस वाया जायला नको’ हा आपला लाडका हिशेब. दिवसभर कार्यालयात काम केलेला माणूस रात्री अकराला चाकामागे बसतो. मागे सगळे गाढ झोपतात. रात्री दोन ते पहाटे पाच ही शरीराची झोपेची वेळ. तेव्हा चहा, गाणी, उघडी काच यांनी डोळे उघडे राहतात, मेंदू जागा राहीलच असं नाही. जांभया वाढल्या, गाडी पट्ट्यावरून सरकू लागली, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, तर सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि वीस मिनिटं झोपायचं. दुसरा उपाय नाही. आणि हे बहुधा चालकाच्या आधी शेजारी बसलेल्याला कळतं. म्हणून शेजारच्या सीटवर झोपाळू माणूस बसवू नका, आणि जो बसेल त्याला ‘थांब’ म्हणायचा अधिकार सगळ्यांसमोर देऊन ठेवा.

भाड्याची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट बघा, जी कोणी बघत नाही : आपला चालक रात्री कुठे झोपतो? आपण वातानुकूलित खोलीत, आणि तो पार्किंगमध्ये, सीट मागे पाडून, पाय खिडकीबाहेर काढून, डास मारत. सकाळी सहाला आपण त्याला उठवतो आणि घाटात आपली मुलंबाळं त्याच्या हवाली करतो. खोली ठरवतानाच चालकाच्या झोपण्याची सोय विचारा, नसेल तर तिचे वेगळे पैसे भरा. साऱ्या सहलीत याहून स्वस्त विमा मिळणार नाही.

घाटाचं गणित जुनंच आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं. ब्रेक तापले की पकड सोडतात. जळका वास आला तर जागा बघून थांबा, निवू द्या, वर पाणी ओतू नका. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. आंबेनळी, वरंध, कुंभार्ली हे घाट देखणे आहेत, पण तो देखावा चालकासाठी नाही.

आता पट्टा. मागच्या सीटवर पट्टा लावणं आपल्याकडे भित्रेपणाचं लक्षण समजतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. गाडी महागडी होती, ते मागच्या सीटवर होते, आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या प्रवाशांनाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवलं तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा. धडक बसली तर दहा किलोचं मूल हातांनी धरून ठेवणं पैलवानालाही शक्य नाही. नातवाला पुढे मांडीवर घेऊन बसणाऱ्या आजोबांना हे सांगायचं कोणी? सुनेने सांगितलं तर तो उद्धटपणा ठरतो. म्हणून मुलाने सांगावं, आणि आदल्या दिवशी सांगावं; गाडीत बसल्यावर नव्हे.

खासगी स्लीपर बसने जाणाऱ्यांसाठी एक आठवण करून देतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दारच बंद झालं. जे वाचले, त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. तेव्हा बसमध्ये चढल्यावर मोबाइल चार्जिंगला लावण्याआधी दोन गोष्टी शोधा : संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग आणि काच फोडायची हातोडी. मार्गापुढे सामान रचलेलं असेल तर क्लीनरला हलवायला लावा. तो म्हणेल, “काही होत नाही, साहेब.” त्याला म्हणा, “होत नाही ते चांगलंच आहे, पण सामान हलव.” हे मुलांसमोर म्हणा. पुढच्या वेळी ती आपण होऊन शोधतील.

रेल्वे त्या मानाने निर्धास्त. धोका असतो तो मधल्या स्टेशनवर वडा-पाव आणायला उतरलेल्या बाबांचा. गाडी हलते, बाबा धावतात. इथे घरचा नियम एकच : सुटलेली गाडी सोडून द्यायची. खाली राहिलेल्याने स्टेशन मास्तरकडे जायचं, गाडीतल्यांनी जागा सोडायची नाही, कोणी मागे उडी मारायची नाही. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे. आणि फटाके, गॅसची शेगडी, रॉकेल यांतलं काहीही रेल्वेत न्यायचं नाही. तो गुन्हा आहे, तुरुंगही होऊ शकतो.

आता समुद्र. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण देशावरचा माणूस समुद्राशी नदीसारखा वागतो. नदी आपल्याला दिसेल अशी एका दिशेला वाहते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. भरतीपेक्षा ओहोटी जास्त फसवते, कारण उतरतं पाणी शांत दिसतं आणि पायाखालची वाळू ओढून नेतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयातून सहलीला आलेले चौदा तरुण-तरुणी बुडाले. फेब्रुवारी, म्हणजे ना पाऊस ना वादळ.

भरतीची वेळ कळायला कोकणात एक साधा हिशेब आहे. तुमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असते. त्या तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा : भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. म्हणजे दुपारची वामकुक्षी आटोपून, चहा घेऊन आपण साडेचारला पाण्यात उतरतो तेव्हा ओहोटी लागलेली असते. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि ते उधाण. पाणी खूप चढतं, तितकंच वेगाने मागे जातं. हा हिशेब ढोबळ आहे, दहा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त इकडेतिकडे होतं. म्हणून उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा. तो ‘इथं नको’ म्हणाला तर वाद घालू नका.

आणखी एक. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, काळपट, बिनफेसाचा दिसतो. पोहायला तीच जागा बरी, असं वाटतं. बहुधा तिथूनच पाणी समुद्राकडे परत जात असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढीचा पट्टा फार रुंद नसतो, त्यातून सुटलात की मग बाहेर या. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नको. आणि बुडणाऱ्यामागे हौशी माणसाने उडी घेऊ नये. दोर, ओढणी, रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते फेका. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागा, आणि ते मांडीवर न ठेवता अंगात घालून बांधा. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या वेगवान बोटीच्या धडकेने बुडाली, ते ऐन दिवसाउजेडी.

धबधब्याचंही तसंच. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत मुलं होती. एकमेकांना घट्ट धरून उभं राहिलेलं ते कुटुंब तुमच्यापैकी अनेकांनी चित्रफितीत पाहिलं असेल. गेलेल्यांना मी दोष देत नाही. मला सांगायचंय ते पाण्याबद्दल. पाऊस आपल्या डोक्यावर असायची गरज नसते, तो वरच्या डोंगरावर पडतो. नितळ पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा येऊ लागला, आवाज बदलला, की फोटो अर्धा टाकून बाहेर पडायचं.

रस्ता आणि पाणी यांनंतर तिसरी जागा यजमानांचं घर. मे महिन्यात कोकणात विंचू-सापांचा वावर असतो. लाकडाच्या ढिगात हात घालू नका, चपला झटकून घाला, रात्री अंगणात विजेरी न्या. विंचू चावला तर घरचं कोणीतरी म्हणतं, “आमच्या गावात उतारा देणारा आहे.” पाहुणा भिडेपोटी बसून राहतो आणि मोलाची वेळ जाते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी आहे, ते आपल्याच कोकणात दाखवून दिलं आणि असंख्य जीव वाचले. तेव्हा यजमानांना हात जोडा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. साप चावला असेल तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय हलू न देता, माणसाला धीर देत न्यायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटासाठी ११२. रस्त्यावर दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तरी थांबा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात झालेली आहे.

सर्वांत मुकी भीड घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. प्रवासाच्या दिवशी आजी पाणीच पीत नाही. कारण स्वच्छतागृह कुठे मिळेल, आणि पोरांना गाडी थांबवायला कसं सांगायचं? कधी लघवी होते म्हणून रक्तदाबाची गोळीही टाळते. उन्हाळ्यात दुपारी ती चक्कर येऊन पडते आणि आपण म्हणतो, ऊन लागलं. उपाय सोपा आहे : तिने न मागता दर दोन तासांनी गाडी थांबवा. जुलाब-उलट्या झाल्या, क्षारसंजीवनीची पुडी जवळ नसली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. रोजची औषधं डिकीतल्या बॅगेत नकोत, हाताशी हवीत, दोन दिवस जास्तीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि उभ्या गाडीत, काचा बंद करून, मुलाला ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही ठेवू नका.

मुलांसाठी दोन कामं. निघण्याच्या दिवशी सकाळी त्याच कपड्यांत त्यांचा फोटो काढा. गर्दीत चुकलं तर ‘निळा शर्ट होता बहुतेक’ असं सांगत बसावं लागणार नाही. आणि एक मोबाइल क्रमांक तोंडपाठ करून घ्या; लहानग्याच्या खिशात चिठ्ठी ठेवा.

श्रोतेहो, पट्टे, औषधं, हातोड्या विकत मिळतात. बोलण्याचं धैर्य मिळत नाही, ते घरात ठरवून द्यावं लागतं. म्हणून माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर जेवायला बसाल तेव्हा तीन गोष्टी ठरवा. गाडी थांबवा, असं कोण म्हणणार? पाण्यातून बाहेर या, असं कोण म्हणणार? आणि औषधांची पिशवी कोणाकडे राहणार? तिन्ही नावं पक्की करा. त्या माणसाचं ऐकायचं, मग तो वयाने कितीही लहान असो, हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने स्वतः कबूल करावं. मग खुशाल निघा.