ऑइलच्या झाकणाखालची साय



डॉक्टर बोलले, बँकेतले साहेब बोलले, आता गॅरेजवाला. तुझ्या धंद्यातलं पाच मिनिटं काहीतरी सांग, असा संयोजकांचा निरोप होता. मला एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या विज्ञानाच्या सरांसमोर सांगायची आहे. म्हणून घसा जरा कोरडा पडलाय.

1997 चा जुलै. महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. घरांना झडी बांधलेल्या, ढग थेट वर्गात, काड्यापेटी चुलीजवळ ठेवली तरच पेटणार. गॅरेज टाकून मला दोन वर्षं झाली होती. सर त्यांची सेकंडहँड मारुती 800 घेऊन आले. म्हणाले, "अरे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाची साय धरल्यासारखं काय आलंय बघ."

मी झाकण फिरवून काढलं. आत पिवळट पांढरा, लोण्यासारखा थर. मी लगेच सांगून टाकलं, "सर, हेड गॅस्केट गेलंय. पाणी ऑइलमध्ये जातंय." तेव्हा मला एवढंच माहीत होतं. हेड खोललं. गॅस्केट धड होतं. हेडवर ना तडा, ना वाक. खोललंच आहे म्हणून नवं गॅस्केट टाकलं, ऑइल बदललं आणि 2,400 रुपये घेतले. सरांना म्हणालो, "वेळेवर आणलीत गाडी."

पुढे साताऱ्याच्या एका जुन्या मिस्त्रींना मी हे सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. डिपस्टिक बघितलीस का? आणि मास्तर गाडी रोज किती चालवतात? डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं. आणि सर गाडी चालवायचे घर ते शाळा, दीड किलोमीटर.

आता गंमत बघा. याचं उत्तर सरांनीच आपल्याला फळ्यावर लिहून दिलं होतं. हायड्रोकार्बन जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं तर साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळताना दिसतात ते हेच. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापलं तर तीही उडून जाते. पण दीड किलोमीटरमध्ये काय तापणार? काट्यावर पाणी गरम दिसलं तरी ऑइल मागेच असतं. मग ती वाफ वरच्या थंड झाकणाला लागून थिजते, ऑइलबरोबर घुसळली जाते आणि साय धरते. सगळी हवाच ओली असली की आणखी. मी सरांचा विद्यार्थी, परीक्षेत हे समीकरण लिहून मार्क घेतलेला, आणि झाकण हातात घेतल्यावर मला ते आठवलं नाही.

तुमच्यातले बरेच जण आता निवृत्तीला आलेत. गाडी भाजी आणायला आणि नातवाला सोडायला. तुमच्याही झाकणाखाली साय येणार. पुसून टाका आणि आठवड्यातून एकदा गाडी पंचवीस-तीस किलोमीटर सलग पळवा. किलोमीटर कमी झाले तरी ऑइल मुदतीत बदला. एवढं करूनही उन्हाळ्यात साय येत असेल तर चेंबरमधली वाफ ओढून घेणारा व्हॉल्व्ह तुंबलाय का ते बघायला सांगा.

मात्र डिपस्टिकवरचंच ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा कूलंट सारखं कमी होतंय, गरम गाडीतूनही सायलेन्सरचा पांढरा धूर थांबत नाही, काटा वर चढतोय, तर गाडी चालूसुद्धा करू नका, ओढून आणा. आपल्याच वर्गातल्या एकाने, नाव घेत नाही, तो हसतोय, दर चार दिवसांनी बाटलीत पाणी ओतत तीन महिने काढले. त्याच्या इंजिनाच्या बेअरिंगा गेल्या. तिथे गॅस्केट खरंच गेलं होतं.

सरांचं राहिलं. पुढच्या जुलैत सर परत आले. "अरे, साय परत आली." तोवर मला सगळं कळलेलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फडक्याने झाकण पुसलं, "पाऊस आहे सर, एकदा वाईपर्यंत फिरवून आणा" म्हणालो आणि पैसे घेतले नाहीत. मनात म्हटलं, फिटलं. फिटलं नव्हतं. सरांनी त्यानंतर कितीतरी जणांना माझ्याकडे पाठवलं, पोरगा प्रामाणिक आहे म्हणून.

सर, ते 2,400 रुपये या पाकिटात आहेत. व्याज धरलेलं नाही, ते तुम्ही सांगाल तसं. जेवायला बसण्यापूर्वी मी खाली येऊन देतो. आणि गाडीची किल्ली आणली असेल तर तीही द्या. आज झाकण उघडून बघतो, पण आधी डिपस्टिक काढीन.